फलकावरची अक्षरे आणि छायाचित्राची साक्ष

कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून चित्रातल्या भूमितीविषयी बोलावे, याचे काही मंडळींना नवल वाटेल. मला स्वतःलाही ते वाटते. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते लेथवर आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेचा आव आणण्याचे कारण नाही. कामात एक अडचण आली, तिच्या मुळाशी जाता जाता बराच लांबचा इतिहास हाती लागला, तो आपणांपुढे ठेवतो.

अडचण अशी. काही वर्षांपूर्वी सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या दारात आमची सभा झाली. पुठ्ठ्यावर कागद चिकटवून केलेले फलक पोरांच्या हातात होते. त्यांतल्या एका फलकावर किमान वेतनाची मागणी तीन ओळींत लिहिलेली होती. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला, तो नेहमीप्रमाणे सगळीकडे फिरला. दोन दिवसांनी तोच फोटो पुन्हा फिरू लागला. माणसे तीच, फाटक तेच, ऊनही तेच. फक्त फलकावरचा मजकूर निराळा होता. कारखाना पेटवून देण्याची धमकी त्यावर होती.

फलक धरणारा मुलगा तासगाव तालुक्यातला, नुकता कायम झालेला फिटर. त्याला पहिला फोन आला तो घरून. "आरं, काय लिवलंयस हे? समद्या गावानं बघितली तुजी पाटी." मुलगा म्हणाला, "दादा, मी न्हाई लिवलं ते." बापाने उत्तर दिले, "मग हातात कशाला धरलंस?" चौकशी होईपर्यंत त्याला कामावरून दूर ठेवण्यात आले. ते दिवस तेवीस भरले.

मी तो फोटो घेऊन ओळखीच्या छापखान्यात गेलो. तिथल्या संगणकावर बसणाऱ्या मुलाला म्हटले, "बाबा, हे कसे करतात ते मला एकदा करून दाखव." त्याने आमच्याच दुसऱ्या एका मोर्चाचे चित्र उघडले. पाटीवरच्या अक्षरांवर शेजारच्या कोऱ्या कागदाचा तुकडा ओढून ती झाकली. नवा मजकूर सरळ, समोरून पाहिल्यासारखा टाइप केला. हा मजकूर चित्राच्या वर एका वेगळ्या थरावर राहतो, काचेवर लिहून काच फोटोवर ठेवावी तसा. मग त्याने मजकुराच्या चौकटीचा एकेक कोपरा माउसने धरून पाटीच्या एकेका कोपऱ्यावर नेऊन ठेवला. चौथा कोपरा बसला आणि अक्षरे लांबच्या बाजूला लहान, जवळच्या बाजूला मोठी होऊन पाटीवर जाऊन चिकटली. शाईचा काळेपणा थोडा उतरवला, कडा किंचित अंधूक केल्या, संपले. मागवलेला चहा अजून यायचा होता.

मराठीपुरती पूर्वी यात एक अडचण असे. युनिकोडातला मजकूर फोटोशॉपमध्ये घेतला की जोडाक्षरे फुटत, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसे. म्हणून छापखानेवाले श्रीलिपीसारख्या प्रणालीचे जुन्या पद्धतीचे टंक वापरीत. आता ती अडचण उरलेली नाही. खोटे लिहिणाऱ्याचीही मराठी सुधारली!

त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला. चार कोपरे जाग्यावर बसताच मधली सगळी अक्षरे आपण होऊन बरोबर कशी बसली? आणि ती 'बरोबर' आहेत असे आपल्या डोळ्याला कोणी शिकवले?

मिरज जंक्शनच्या पुलावरून रुळांकडे पाहिले तर ते दूर कुठेतरी एका ठिकाणी मिळाल्यासारखे दिसतात. ते मिळत नाहीत हे आपणांस ठाऊक असते, पण डोळा तसेच सांगतो. जिथे ते मिळाल्यासारखे दिसतात त्याला लोपबिंदू म्हणू. डोळ्याला जसे दिसते तसे कागदावर उतरविण्याच्या शास्त्राला चित्रकलेचे शिक्षक यथादर्शन म्हणतात. इटलीत फ्लॉरेन्स शहरात पंधराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थात ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुशिल्पकाराने ते करून दाखविले आणि 1435 साली आल्बेर्तीने त्याचे नियम लिहून काढले. आल्बेर्तीची कल्पना साधी होती. चित्र म्हणजे उघडी खिडकी. खिडकीबाहेरच्या प्रत्येक बिंदूपासून डोळ्यापर्यंत सरळ दोरी ताणा, ती दोरी खिडकीला जिथे छेदील तिथे ठिपका द्या. पुढे कॅमेऱ्याने दुसरे काही केले नाही, फक्त दोरीच्या जागी प्रकाश आणला.

आपल्याकडची जुनी चित्रे या नियमाने बांधलेली नव्हती. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतिचित्रे आहेत. त्या परंपरेत आकार बहुधा अंतरावरून ठरत नाही, मानावरून ठरतो. देव मोठा, राजा त्याखालोखाल, सेवक लहान. अशा चित्रात नाव लिहायचे झाले तर ते कागदावर लिहावे तसे सरळ लिहीत. ती चित्रातल्या जगातली वस्तू नसे, चित्रावरची सूचना असे, आणि वाचणाराही ती तशीच वाचीत असे. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. सरळ लिहिलेले अक्षर सांगते की मी मागाहून आलो. तिरके होऊन भिंतीला बिलगलेले अक्षर म्हणते की मी तिथेच होतो.

यथादर्शन आपल्या माणसांच्या अंगवळणी पडले ते पुष्कळ अंशी नाटकाच्या पडद्यामुळे, असे मला वाटते. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले तेव्हा देखाव्यांचे पडदे नव्हते. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात ते आले. रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा, आत आत गेलेले खांब, लहान होत गेलेली दारे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे या पडद्यांसाठी नावाजलेले होते. त्याच बाबूरावांनी पुढे 1920 साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला आणि चित्रपटांची पोस्टरे रंगविली. पिटात बसलेल्या माणसाला यथादर्शन हा शब्द ठाऊक नसेल, पण सपाट कापडावर अर्धा मैल लांबीचा रस्ता पाहण्याची सवय त्याला पडद्यानेच लावली.

दुसरी वाट कारखान्यातून आली. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1885 साली मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकावयास गेले, पण त्यांना रंगांधळेपणा होता. रंग सोडावे लागले, तेव्हा त्यांनी यंत्रांची रेखाटने धरली आणि पुढे व्हिक्टोरिया जुबिली तंत्रसंस्थेत तीच शिकविली. 1910 साली औंध संस्थानातल्या माळरानावर त्यांनी जो कारखाना आणला ती आजची किर्लोस्करवाडी. जागा आणि पाठबळ देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, औंधचे चित्रसंग्रहालय त्यांचेच. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हेही चित्रकला शिकलेले. 1920 साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक त्यांनी सुरू केले. आज औंध सातारा जिल्ह्यात आणि वाडी सांगलीत आहे, पण तेव्हा चित्र, यंत्र आणि छापील जाहिरात ही तिन्ही एकाच छत्राखाली होती.

यंत्राच्या रेखाटनाविषयी मला अधिकाराने एक गोष्ट सांगता येईल, कारण मी ती वर्षानुवर्षे लेथसमोर टांगलेली पाहिली आहेत. त्यांत यथादर्शन मुद्दाम टाळलेले असते. समोरून, वरून, बाजूने असे तीन वेगळे देखावे असतात आणि दूरची बाजू जवळच्या बाजूएवढीच काढतात. डोळ्याला ते विचित्र दिसते, पण त्यावर पट्टी ठेवून माप घेता येते. उलट, तेच यंत्र गिऱ्हाइकाला दाखवायचे तेव्हा यादीपत्रकात ते यथादर्शनाने काढतात, म्हणजे ते समोर उभे आहे असे वाटते. कामगाराला माप हवे असते, गिऱ्हाइकाला प्रत्यय. अक्षरांची चोरी होते ती या प्रत्ययाच्या दाराने.

आता त्या चार कोपऱ्यांकडे वळू. देझार्ग नावाचा एक फ्रेंच अभियंता होता. वास्तुविद्येत मुरलेला, पाथरवटांच्या कामाविषयीही लिहिणारा. एखादी आकृती एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर सावलीसारखी टाकली तर काय बदलते आणि काय टिकते, याचे गणित त्याने 1639 साली मांडले. त्याची भाषा इतकी अवघड होती की लोक ते विसरून गेले. पुन्हा ते उभे केले पोन्सलेने. हा नेपोलियनच्या सैन्यातला अभियंता 1812 च्या मोहिमेत रशियनांच्या हाती सापडला आणि सारातोव्ह येथे कैदेत पडला. जवळ एकही पुस्तक नव्हते. शाळेत शिकलेली भूमिती आठवीत आठवीत त्याने नवी भूमिती रचली आणि सुटून आल्यावर 1822 साली ग्रंथरूपाने छापली. तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथांची आम्हा चळवळीतल्या माणसांना मोठी ओढ असते, पण तुरुंगातून भूमिती बाहेर आल्याचे हे एकच उदाहरण मला भेटले.

या भूमितीचे सांगणे असे. सपाट पाटीचा फोटो कसाही तिरका घ्या, तिच्यावरची सरळ रेषा फोटोत सरळच राहते. लांबी राहत नाही, कोन राहत नाही, मध्यही मध्यावर राहत नाही. पण कोणतेही तीन एका रेषेत नाहीत असे चार बिंदू कुठून कुठे गेले एवढे समजले, की पाटीवरचा प्रत्येक बिंदू कुठे जाणार हे पक्के ठरते. एका बिंदूच्या जागेला दोन आकडे लागतात, चार बिंदूंचे आठ. त्या आठ आकड्यांवर सगळा कारभार चालतो. छापखान्यातला मुलगा चार कोपरे ओढतो, म्हणजे हे आठ आकडे संगणकाला सांगतो. बाकीचा हिशेब पोन्सलेच्या भूमितीचा.

हाच हिशेब हाताने करणारी माणसे आपल्या पेठांत होती. फ्लेक्स येण्यापूर्वी सातारा-सांगलीच्या भिंती बोर्ड रंगविणाऱ्या पेंटरांच्या होत्या. दोरीला खडू लावून सूत मारायचे, ओळंबा धरायचा, मग ब्रश. 1949 साली झालेला 'दक्षिण सातारा' जिल्हा 1960 साली 'सांगली' झाला, तेव्हा या मंडळींना किती पाट्या पुन्हा रंगवाव्या लागल्या असतील! अशाच एका म्हाताऱ्या पेंटरने मला कर्णांची युक्ती दाखविली. चित्रातल्या तिरक्या पाटीचा मध्य पट्टीने मोजून काढायचा नाही. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन कर्ण मारायचे, ते जिथे छेदतील तो मध्य. तो नेहमी लांबच्या कडेकडे सरकलेला असतो. मधले अक्षर तिथे आले तर पाटी खरी वाटते, पट्टीने मोजलेल्या मध्यावर आले तर खोटी.

उलटा प्रयोगही आपण रोज पाहतो. महामार्गावर रंगविलेली 'शाळा', 'हळू' ही अक्षरे खाली उतरून पाहिली तर बेडौल लांबट दिसतात. गाडीत बसलेल्याला ती फार तिरकी दिसतात, म्हणून आधीच ताणून ठेवलेली असतात. क्रिकेटच्या मैदानावर यष्टींच्या मागे गवतावर रंगविलेली जाहिरात दूरदर्शनच्या पडद्यावर उभी राहिल्यासारखी दिसते, तीही हीच करामत. दोन्ही ठिकाणी कोणाची फसवणूक होत नाही, म्हणून त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेत्याच्या नावाची अक्षरे दगडी ठोकळ्यांसारखी पुढे येतात, प्रत्येक ओळ वेगळ्याच दिशेला, तिथे फसायचे म्हटले तरी फसता येत नाही.

फोटोतला मजकूर बदलण्याचे पाप मात्र संगणकाच्या माथी मारता येणार नाही. हे सांगताना मला थोडे अवघड वाटते, कारण उदाहरण ज्या क्रांतीच्या गोष्टी आम्ही अभ्यासवर्गात ऐकल्या तिच्यातले आहे. 1917 साली पेट्रोग्राडच्या रस्त्यावर निघालेल्या निदर्शनाचे एक छायाचित्र आहे. मागे एका दुकानाची पाटी दिसते, घड्याळे आणि सोन्याचांदीचे जिन्नस विकणाऱ्याची. नंतर छापलेल्या प्रतीत त्या पाटीवर लढून हक्क मिळविण्याची घोषणा आली आणि निशाणावर राजेशाही बुडविण्याची. डेव्हिड किंग यांनी अशा फेरफारांचा मोठा संग्रह 1997 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, त्यात हे दोन्ही फोटो आहेत. वास्तविक त्या दिवशी लोक खरोखरच रस्त्यावर आले होते. त्यांची बाजू सिद्ध करायला सोनाराची पाटी पुसण्याची काही एक गरज नव्हती.

पण ते काम तेव्हा ब्रशने करावे लागे आणि तसा कारागीर हाताशी असावा लागे. 1987 साली अमेरिकेत टॉमस नोल या विद्यार्थ्याने संगणकाच्या पडद्यावर करड्या छटा दाखविणारा एक कार्यक्रम लिहिला. भाऊ जॉन याच्या मदतीने तो वाढत गेला आणि फेब्रुवारी 1990 मध्ये ॲडोबी कंपनीने तो फोटोशॉप या नावाने बाजारात आणला. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले. 2005 साली एक नवे साधन आले, त्यात चित्रातल्या भिंतीची पातळी एकदा आखून दिली की तिच्यावर जे चिकटवाल ते आपोआप यथादर्शनाने बसते. दरम्यान 1990 नंतरच्या दशकात बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी 'गिम्प' हा फुकट मिळणारा कार्यक्रम केला, त्यातही चार कोपरे ओढण्याची सोय आहे. आता मोबाइलवरही ती आहे. कारागीर लागत नाही, हेतू तेवढा लागतो.

आमच्या फोटोचे पुढे काय झाले ते सांगतो. छापखान्यातल्या मुलाने तो मोठ्या कागदावर छापून दिला. मी पोलादी पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसलो. पाटीची वरची कड आणि खालची कड डावीकडे वाढवीत नेली, दोन्ही एका ठिकाणी मिळाल्या. मग अक्षरांच्या शिरोरेषा वाढविल्या. आपल्या देवनागरीचे हे एक भाग्यच म्हणावे लागेल. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते, ती मनाने ओढावी लागते. आपली प्रत्येक ओळ स्वतःची रेघ बरोबर घेऊन येते. तीन ओळींच्या तीन शिरोरेषा मी कागदाच्या टोकापर्यंत नेल्या, त्या कुठेच मिळेनात. एकमेकींना समांतर धावत राहिल्या. करणाऱ्याने मजकूर नुसता तिरका कलविला होता, दूरच्या बाजूला आवळला नव्हता. शेवटचे अक्षर पहिल्याएवढेच रुंद होते. वर्ष-सहा महिने उमेदवारी केलेल्या पेंटरच्या हातून ही चूक झाली नसती.

अशी परीक्षा शास्त्रज्ञांनीही केलेली आहे, हे मला मागाहून कळले. इटलीतल्या त्रेंतो विद्यापीठाच्या कोनोत्तेर आणि बोआतो या दोघींनी अमेरिकेतल्या हानी फरीद यांच्याबरोबर 2010 साली नेमक्या याच विषयावर, म्हणजे पाट्या आणि जाहिरातफलक यांच्या फोटोंतील बदललेल्या मजकुरावर, निबंध लिहिला. अक्षरांचा मूळ टंक ठाऊक असेल तर ती फोटोत कशी वाकली यावरून कॅमेऱ्याचा हिशेब उलटा काढता येतो. हिशेबातून निघालेला कॅमेरा असूच शकत नाही असा निघाला, तर मजकूर नंतर घातलेला.

तथापि पट्टीवर फार भिस्त ठेवू नये. करणाऱ्याने चारही कोपरे चोख बसविले असते तर शिरोरेषा निमूट लोपबिंदूला जाऊन मिळाल्या असत्या आणि माझी पेन्सिल हरली असती. मग सावली पाहावी लागते, कागदाची सुरकुती अक्षरांतून जाते की अक्षरांखालून ते पाहावे लागते. अलीकडे तर यंत्र पाटीसकट अख्खा मोर्चाच रचून देते. बैठकीत माझ्या रेघा अधिकाऱ्यांनी कुतूहलाने पाहिल्या, पण निकाल लागला तो ज्याने फोटो काढला त्याच्या मोबाइलमधल्या मूळ प्रतीवर. नशीब, त्याने ती पुसली नव्हती. मुलगा कामावर परत आला. तेवीस दिवसांच्या पगाराला आणखी पाच महिने लागले. मजकूर कोणी बदलला ते आजतागायत कळलेले नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी मोठा साधू ठरलो असतो. पण दोन वर्षांनी आमच्याच संघटनेचा वार्षिक अहवाल निघाला. मुखपृष्ठावर साताऱ्याच्या एका जुन्या मोर्चाचे छायाचित्र होते. तो मोर्चा पाच संघटनांच्या संयुक्त समितीचा, आणि कापडी फलकावर समितीचे नाव. फोटो धूसर होता, नाव वाचता येत नव्हते. कोणीतरी म्हणाले, तिथे आपले नाव टाकू या, आपली माणसे होतीच की. मी छापखान्यात गेलो आणि त्याच मुलाला म्हटले, "चार कोपरे नीट ओढ." त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, बोलला काही नाही.

अहवाल वाटल्यावर आठवड्याने दुसऱ्या संघटनेतले एक वयोवृद्ध कार्यकर्ते माझ्याकडे आले. फलकाचे डावीकडचे टोक धरलेला माणूस म्हणजे ते स्वतः, तीस वर्षांपूर्वीचे. अहवाल टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, "काय हो, हा फलक मी कधी धरला होता?" मला त्या तासगावच्या बापाचा फोन आठवला.

अर्ध्याअधिक प्रती वाटून झाल्या होत्या. उरलेल्या प्रतींवर आम्ही संयुक्त समितीचे नाव छापलेली कागदी पट्टी चिकटविली. फलक तिरका होता. पट्टी सरळच लावली.